ब्रेक्झिट : सीमेचा वाद आणि मजुराचा हक्क

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



संयोजकांनी विषय देतानाच बजावलं होतं, ब्रेक्झिटवर बोल पण अर्थशास्त्राचा तास घेऊ नकोस. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे ती भीती बाळगायचं कारण नाही. इथं बसलेल्यांपैकी बरेच जण आज ना उद्या बाहेर जायचा विचार करतात. कुणी मास्टर्ससाठी, कुणी नर्सिंग करून, कुणी मामू तिकडं आहेत म्हणून. तेव्हा दुसऱ्यांच्या देशातलं राजकारण म्हणून हे ऐकू नका. ज्या दारातून तुम्ही आत जाणार, त्या दाराबद्दलचं हे भांडण आहे.

आपल्याकडं ब्रेक्झिटचा अर्थ दोन तऱ्हेनं सांगितला जातो. व्हॉट्सॲपवर म्हणतात, गोऱ्यांना मुसलमान नको होते म्हणून ते युरोपातून बाहेर पडले. इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणारे मित्र म्हणतात, खेड्यापाड्यातल्या अडाणी लोकांना खोटं सांगून फसवलं गेलं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण शेतात वाकून कोबी तोडणारी, म्हाताऱ्यांचे कपडे बदलणारी, ट्रक चालवणारी माणसं या दोन्ही गोष्टींत कुठं दिसत नाहीत. आणि वाद तर त्यांच्यावरून होता.

तारखा पटकन सांगतो. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोक म्हणाले बाहेर पडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून नवे नियम लागू झाले. त्याआधी काय होतं? युनियनमधल्या कुठल्याही देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करू शकत होता. व्हिसा नको, मालकाचं पत्र नको. पोलंडचा एखादा सुतार लंडनला आला आणि मालकाशी पटलं नाही, तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडं कामाला जाऊ शकत होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडं येणार आहे.

१ मे २००४ ला युनियनमध्ये दहा नवे देश आले, त्यातले आठ पूर्व युरोपातले. तिथले पगार ब्रिटनच्या तुलनेत फारच कमी. जुन्या सदस्यांपैकी फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनी पहिल्या दिवसापासून आपला कामाचा बाजार उघडा ठेवला. जर्मनीनं तो २०११ पर्यंत बंद ठेवला. ब्रिटिश गृहखात्यानं करवून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार लोक येतील. प्रत्यक्षात काय झालं? इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले लोक २००१ च्या जनगणनेत ५८ हजार होते, २०११ मध्ये ते ५ लाख ७९ हजार झाले. आमच्या धंद्यात लोडचा अंदाज असा चुकला तर सर्व्हर पहिल्याच दिवशी झोपतो. तिथं माणसं कामाला लागली, कर भरू लागली, म्हणून राज्याचं यंत्र झोपलं नाही. पण शाळा, दवाखाने, भाड्याची घरं यांची आखणी लोकांच्या मागं राहिली, आणि २०१० नंतर सरकारनं खर्चाला कात्री लावली तेव्हा तो ताण रस्त्यावर दिसू लागला.

आता बॉस्टनला चला. अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लिंकनशायरमधलं. सपाट, सुपीक जमीन. कोबी, फ्लॉवर, बटाटा, फुलं. जवळच माल धुऊन, कापून, पिशवीत भरणारी पॅकिंगची शेड. सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूनं देशात सर्वांत जास्त मतं इथं पडली, ७५.६ टक्के. इथलं काम मुकादमामार्फत चालतं. इंग्रजीत त्याला गँगमास्टर म्हणतात, पण आपल्या ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांसमोर आणा, म्हणजे समजेल. तोच गाडीत भरून नेतो, तोच राहायला खोली देतो, तोच पगारातून भाडं कापतो. एका घरात दहा-बारा माणसं कोंबायची आणि पहाटे फोन आला तरच काम, नाही तर नाही, हे तिथं सर्रास चालायचं.

अशा मुकादमीनं काय होतं हे ब्रिटननं २००४ मध्येच पाहिलं होतं. ५ फेब्रुवारीच्या रात्री वायव्येकडच्या मोरकाम खाडीत शिंपल्या गोळा करणारे चिनी मजूर भरतीच्या पाण्यात अडकले आणि किमान २१ जण बुडाले. कागदपत्रं नसलेले लोक होते. भरतीची वेळ त्यांना कुणी धड सांगितली नाही आणि नको म्हणायची त्यांची टाप नव्हती. त्याच वर्षी मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. पण तो शेती, मासेमारी, अन्नप्रक्रिया एवढ्यापुरताच. गोदामं, बांधकाम, वृद्धांची सेवा यांना तो परवाना लागू नव्हता.

आणि गोदामांत काय चाललं होतं? डर्बीशायरमध्ये शायरब्रुक नावाचं गाव आहे. तिथली कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद पडली. त्या जागेवर पुढं क्रीडासाहित्य विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं गोदाम उभं राहिलं. हजारो कामगार, बहुतेक पूर्व युरोपातले, आणि जवळजवळ सगळे एजन्सीच्या कंत्राटावर. सार्वमताच्याच वर्षी संसदेच्या समितीनं चौकशी केली. पाळी संपल्यावर झडतीच्या रांगेत उभं राहण्याचे पैसे मिळत नव्हते, त्यामुळे प्रत्यक्ष पगार किमान वेतनाच्या खाली जात होता. संडासला जास्त वेळ लावला तरी कार्डावर शेरा पडायचा. शायरब्रुक ज्या बोल्सोव्हर जिल्ह्यात येतं तिथं सुमारे ७१ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं पडली. एके काळी खाण कामगारांच्या युनियनचा हा बालेकिल्ला.

त्या खाण कामगाराच्या मुलाला काय दिसत होतं? बापाची नोकरी पक्की होती, युनियन होती, पेन्शन होतं. त्याच जमिनीवर आता अशी कामं उभी होती की जी गावातला माणूस घ्यायला तयार नाही, आणि परदेशातून आलेला घेतो. आकडे पाहिले तर स्थलांतरितांमुळे पगार कोसळले असं काही दिसत नाही. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीनं २०१८ च्या अहवालात सांगितलं की युरोपातून आलेल्यांचा एकूण पगार-रोजगारावर परिणाम अगदी थोडा झाला, कमी कौशल्याच्या कामांत किंचित प्रतिकूल, आणि हे लोक सार्वजनिक सेवांतून जितकं घेतात त्यापेक्षा जास्त भरतात. पण देशाची सरासरी शायरब्रुकच्या माणसाला दिसत नाही. त्याला गेटसमोरची रांग दिसते. त्याचा राग मला खोटा वाटत नाही. तो वळवला कुठं गेला, हा माझा प्रश्न आहे.

तो पोस्टरकडं वळवला गेला. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ ला, नायजेल फराज यांनी एका मोठ्या फलकाचं अनावरण केलं. सावळ्या माणसांची लांबलचक रांग आणि वर लिहिलेलं की सहनशक्ती संपत आली. फोटो होता ऑक्टोबर २०१५ चा, क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा. युद्धातून पळालेल्या त्या निर्वासितांचा आणि बॉस्टनच्या कोबीचा काय संबंध? युनियनमधल्या मुक्त संचाराचा हक्क त्यांना नव्हताच. दुसऱ्या एका प्रचार गटानं पोस्टर लावलं की ७ कोटी ६० लाखांचा तुर्कस्तान युनियनमध्ये येतोय. तुर्कस्तान आजही युनियनमध्ये नाही. म्हणजे तक्रार पोलिश मजुरावरून, आणि भीती घातली मुसलमानांची. व्हॉट्सॲपवाल्यांचं म्हणणं इथं खरं ठरतं.

त्याच दिवशी दुपारी खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्या माणसानं खून केला. त्या बॅटली आणि स्पेन या मतदारसंघाच्या. बॅटली म्हणजे यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आणि गिरण्यांत कामाला भरूच-सुरतेकडून गेलेल्या गुजराती मुसलमानांची तिथं मोठी वस्ती आहे. निर्वासित मुलांना आसरा द्या म्हणून त्या संसदेत भांडत होत्या.

मुसलमानांनी मत कसं दिलं? लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या त्या दिवशीच्या मोठ्या पाहणीत सुमारे ७० टक्के मुस्लीम मतदारांनी राहण्याच्या बाजूनं मत दिल्याचं दिसलं. म्हणजे साधारण ३० टक्क्यांनी बाहेर पडा म्हटलं, आणि हे ३० टक्के आपल्या चर्चेत कधी येत नाहीत. भारतीय उपखंडातल्या लोकांची मोठी वस्ती असलेली स्लाव, ल्यूटन, ब्रॅडफर्ड ही ठिकाणं बाहेर पडण्याच्या बाजूनं गेली. (तिथं कोणत्या समाजानं किती मतं दिली हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. कुणी काढून दाखवलं तर विश्वास ठेवू नका.)

या ३० टक्क्यांमागं काय असू शकतं हे 'करी हाऊस'च्या प्रकरणात दिसतं. ब्रिटनमधली बरीचशी 'इंडियन' हॉटेलं प्रत्यक्षात सिल्हेटच्या बांगलादेशी मुसलमानांची. त्यांना आचारी मिळेनात, कारण युरोपाबाहेरून आचारी आणायचा तर त्याला वर्षाला सुमारे ३० हजार पौंड पगार द्यायची अट होती. सार्वमताच्या वेळी मंत्री प्रीती पटेल यांनी 'आपली करी हाऊस वाचवा' या मोहिमेला पाठबळ दिलं. युक्तिवाद असा की रोमानिया-पोलंडहून कुणीही येतो म्हणून तुमच्या माणसांवर कडक नियम लागतात, त्यांचं दार बंद करा, तुमचं उघडेल. हॉटेलमालकांच्या संघटनेच्या नेत्यांनी साथ दिली. पुढं त्याच प्रीती पटेल गृहमंत्री झाल्या आणि नवी गुणांवर आधारलेली पद्धत त्यांच्याच हाताखाली आली. अटी सुरुवातीला थोड्या सैल झाल्या, पण २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या किमान पगाराची सर्वसाधारण अट ३८,७०० पौंडांवर गेली. गल्लीतल्या हॉटेलाला हे परवडत नाही. त्या नेत्यांनी आपली फसवणूक झाली असं जाहीर सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. दुसऱ्या मजुराला बाहेर ठेवून आपल्या मजुराला जागा मिळेल, या हिशेबावर त्यांनी सही केली होती.

हे हॉटेलवाले तिथं पोचले कसे, हे आपण माहीत करून घ्यायला हवं, कारण त्या जहाजावर आपल्याकडचेही लोक होते. ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी कामाला असायचे. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. कोळशाच्या भट्टीपाशी सिल्हेटचे आणि पंजाबचे, खाण्यापिण्याच्या व्यवस्थेवर गोव्याचे, आणि डेकवर कितीतरी कोकणी मुसलमान, रत्नागिरीकडचे. सारंग, टंडेल हे शब्द आपल्याकडं आडनावांतही आहेत. या खलाशांचा करार वेगळा असायचा. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी. झोपायला जागा कमी. आणि अट अशी की करार संपवायचा तो हिंदुस्थानच्या बंदरातच, इंग्लंडात उतरून दुसरं काम धरायचं नाही. धरलं तर तो पळपुटा. लंडनमधल्या सिल्हेटी हॉटेलांची सुरुवात अशा जहाज सोडून पळालेल्या माणसांपासून होते.

गोऱ्या खलाशांची युनियन काय करत होती? स्वस्त हिंदी मजुरामुळे आमचं पोट मारलं जातं, म्हणून त्याला काढा, असा तिचा प्रचार होता. त्याला आमच्याइतका पगार द्या म्हणजे कुणाचंच पोट मारलं जाणार नाही, ही मागणी तिनं लावून धरली नाही. १९२५ मध्ये ब्रिटननं काळ्या-सावळ्या परदेशी खलाशांनी पोलिसांत नोंदणी करावी असा हुकूम काढला. हिंदी खलाशी कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन होते, परदेशी नव्हतेच. पण तसा कागद खिशात कुणाच्या होता? कार्डिफसारख्या बंदरांत पोलिसांनी अशा प्रजाजनांनाही परदेशी म्हणून नोंदवून टाकलं.

शंभर वर्षांपूर्वीचा हा करार मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण २०२१ नंतरच्या व्हिसात तो मला ओळखू येतो. पण त्याआधी एक उपप्रश्न. दार बंद केलं की लोक यायचे थांबतात का?

पश्चिम जर्मनीनं ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी करार करून मजूर बोलावले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. कल्पना अशी की दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. कारखानदारांनाच ते नको होतं, कारण शिकवलेला माणूस घालवून नवा कोण शिकवणार? १९६४ मध्ये ती दोन वर्षांची अट गेली. मग तेलाचं संकट आलं आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबवली. तोवर तुर्की माणूस येत होता, पैसे साठवून जात होता, पुन्हा येत होता. भरती थांबल्यावर त्याला कळलं की आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही. मग तो गेलाच नाही, त्यानं बायकोमुलांना बोलावून घेतलं. १९८३ मध्ये परत जाणाऱ्याला साडेदहा हजार मार्क देऊ केले, तरी बहुतेक जण राहिले. ब्रिटनमध्ये १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यानं हेच घडलं. कायदा येतोय म्हटल्यावर आधीच्या दीड वर्षात येणाऱ्यांची रीघ लागली. मंगला धरणानं मीरपूरमधल्या लाखभर लोकांची घरं-शेतं पाण्याखाली गेली तोही हाच काळ. एकटा येणारा-जाणारा पुरुष गेला आणि ब्रॅडफर्डमध्ये कुटुंबं वसली. ज्यांना तिथं आज 'वसाहत' म्हणून नावं ठेवतात, ती बऱ्याच अंशी बंद दारानंच घडवली.

आता ब्रेक्झिटनंतर. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल होतं, ते पोचवायला टँकरचालक नव्हते. महामारी हे एक कारण, वर्षानुवर्षांचा कमी पगार आणि झोपायला धड जागा नसणं हे दुसरं, आणि युरोपातले चालक परत गेले हे तिसरं. सरकारनं घाईघाईनं ट्रकचालकांसाठी ५ हजार आणि कोंबड्यांच्या उद्योगासाठी साडेपाच हजार तात्पुरते व्हिसा जाहीर केले, लष्कराचे चालक बोलावले. नाताळपर्यंत या आणि मग निघा, अशा बोलावण्याला चालकांनी जेमतेम प्रतिसाद दिला. कोण देईल?

आणि एकूण संख्या? सार्वमताच्या वर्षी येणारे वजा जाणारे असा निव्वळ आकडा सुमारे ३ लाख होता, आणि तोच जास्त म्हणून ओरड होती. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात तो ९ लाखांच्या वर गेला. युक्रेन आणि हाँगकाँगचे लोक त्यात होते, विद्यार्थी होते, आणि वृद्धांची काळजी घेणारे होते. युरोपचे लोक येण्यापेक्षा जाऊ लागले, त्यांच्या जागी भारत, नायजेरिया, पाकिस्तान, झिम्बाब्वेतले आले. 'सीमेचा ताबा परत घ्या' म्हणून मत देणाऱ्याला हा आकडा दिसला तेव्हा त्याचा राग दुप्पट झाला. आलेल्यांपैकी दिसायला वेगळे कोण, हे सांगायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी थाप पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरी दुसऱ्या दिवशी जमावानं साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला केला आणि पुढं रॉदरहॅमजवळ निर्वासितांच्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला.

पण मला आकड्यापेक्षा व्हिसाची रचना जास्त महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा खुला झाला. दोन वर्षांत लाखाहून जास्त आले. हा व्हिसा एका मालकाला बांधलेला असतो. मालकाकडं सरकारचा परवाना लागतो, तो तुम्हाला प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देतो, त्यावर तुमचा व्हिसा. नोकरी गेली किंवा त्याचा परवाना गेला, तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाही तर देश सोडायचा. आता तो पोलिश सुतार आठवा. त्यालाही दलाल होता, त्याचीही खोली कोंदट होती. पण त्याला काम सोडता येत होतं. केरळची किंवा हरारेची बाई दलालाला लाखो रुपये देऊन आलेली असते. तिला आठवड्याला ३९ तास सांगून १० तास काम दिलं, किंवा सलग दोन पाळ्या करायला लावल्या, तरी ती तक्रार करत नाही. कारण तक्रार खरी ठरली की मालकाचा परवाना जातो आणि त्याबरोबर तिचा व्हिसाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त मालकांचे परवाने सरकारनं रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले कामगार होते ३९ हजारांच्या वर. गुन्हा मालकाचा, आणि घड्याळ मजुराचं सुरू झालं. सीमेचा ताबा घेतला सरकारनं, पण रोजचा अंमल मालकाच्या हातात गेला.

शेतातही तेच. स्ट्रॉबेरी तोडायला पूर्वी रोमानिया-बल्गेरियाचे लोक यायचे. आता सहा महिन्यांच्या हंगामी व्हिसावर किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानातून येतात, मध्यंतरी इंडोनेशियातूनही आले. बहुतेक मुसलमान. काही इंडोनेशियन मजूर दलालांचं हजारो पौंडांचं कर्ज डोक्यावर घेऊन आले होते. सहा महिन्यांत ते फिटणार कसं?

हे फक्त ब्रिटनचं पाप आहे असं समजू नका. युनियनच्या आत स्पेनमध्ये वेल्वा नावाचा स्ट्रॉबेरीचा प्रांत आहे. तिथं दरवर्षी मोरोक्कोतून हजारो बाया करारावर आणतात. निवड करताना लहान मुलं असलेल्या बायका घेतात. मुलं मोरोक्कोत राहतात, म्हणजे आई हंगाम संपला की नक्की परत जाणार. यापेक्षा स्वस्त सीमारक्षक कुठं मिळेल? २०१८ मध्ये त्यांतल्या काहींनी लैंगिक छळाच्या आणि पैसे बुडवल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा जगाला त्या दिसल्या. युरोपातल्या सुपरमार्केटात जानेवारीत जी लाल स्ट्रॉबेरी मिळते, तिच्या किमतीत हे सगळं आहे.

माझ्या कामाशी जवळचा एक मुद्दा, थोडक्यात. आधीपासून राहणाऱ्या युरोपियन नागरिकांना ३० जून २०२१ पर्यंत ऑनलाइन अर्ज करून हक्क टिकवायचा होता. यात आपले गोवेकरही होते. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. त्यावर युरोपियन म्हणून ते ब्रिटनला गेले, स्विंडनमध्ये तर त्यांची मोठी वस्ती आहे. सरकारचा अंदाज होता की सगळे मिळून ३५ ते ४१ लाख लोक असतील. अर्ज आले ६० लाखांच्या पुढं. काही दुबार धरले तरी ५० लाखांहून जास्त माणसं निघाली. ज्यांच्या संख्येवरून एवढं सार्वमत झालं, ती संख्याच सरकारला माहीत नव्हती. आणि मंजुरीचं कार्ड नाही, कागद नाही. घरमालकाला हक्क दाखवायचा तर वेबसाइटवरून कोड काढून द्यायचा. ज्याचा फोन नंबर बदलला, ईमेल विसरला, तो अडकला. स्मार्टफोन न वापरणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा विचार करून ही प्रणाली बांधलेली नव्हती. आमच्या क्षेत्रातली माणसं अशा प्रणाली बांधतात, भारतातही बांधतात. तुमच्यातल्या संगणकवाल्यांनी हे कामाच्या ठिकाणी बोलायला हवं.

वारं आता कुठं वाहतंय? जुलै २०२५ मध्ये केअर वर्करची परदेशातून भरती बंद झाली. निव्वळ आकडा उतरून २ लाखांच्या आसपास आला. तरी भांडण थांबलेलं नाही, उलट वाढलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रस्ताव आला की कायम राहण्याचा हक्क पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी द्यावा, आणि केअर वर्करसारख्यांना पंधरा वर्षांनी. मांडणाऱ्या गृहमंत्री शबाना महमूद, बर्मिंगहॅमच्या, आईवडील मूळचे मीरपूरकडचे. आपलं माणूस खुर्चीवर बसलं की आपलं काम होतं, असं मानणाऱ्या साथींनी यावर जरूर विचार करावा. पंधरा वर्षं व्हिसासाठी मालकाची मर्जी राखायची म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या खलाशाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

वेळ संपत आलीय. जे जाणार आहेत त्यांच्यासाठी शेवटचं, अगदी व्यवहाराचं. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या मालकांची यादी सरकारी वेबसाइटवर सगळ्यांना खुली असते. नाव त्यात आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवर बघू नका. करारात आठवड्याचे तास आणि तासाचा दर आकड्यात लिहिलेला हवा. काम सोडलं तर 'खर्च वसुली' म्हणून किती पैसे मागणार, हे कलम शोधा, बहुतेक वेळा ते शेवटून दुसऱ्या पानावर असतं. तिथं गेल्यावर पहिल्या महिन्यात कामगार युनियनचे सभासद व्हा, व्हिसावाल्यालाही होता येतं. आणि प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र विकत मिळत नाही. त्याची फी मालकानं भरायची असते, ती तुमच्याकडून वसूल करायला तिथल्या नियमांनी बंदी आहे. तुमच्या गावात जो कुणी दहा-पंधरा लाखांना ते विकतोय, त्याच्याकडं पावती मागून बघा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बहिणींपासून सुरुवात करू या.